झिपरूची सहा खणांची पिशवी

एका गावात एक भोळा जवान पोरगा होता. त्याचं नाव झिपरू. सांगितलेलं काम तो जसंच्या तसं करी. त्याची अडचण एवढीच होती.

एकदा आई म्हणाली, "शेळी नजरेआड होऊ देऊ नकोस." शेळी शेजाऱ्याच्या मेथीत शिरली. तिने सगळी मेथी खाल्ली. झिपरूने तिच्यावरची नजर जराही काढली नाही.

झिपरूचं लग्नाचं वय झालं होतं. मुलीकडचे लोक यायचे, चहा प्यायचे, गावात चौकशी करायचे आणि "कळवतो" म्हणून निघून जायचे. पुढे कोणी कळवत नसे. त्याची आई गेंदाबाई चुलीपुढे बसून डोळे पुसायची. झिपरू मात्र रोज सकाळी ओट्यावर येऊन बसायचा. ते कळवतो म्हणाले होते ना.

शेवटी गेंदाबाईने आपल्या भावाला निरोप धाडला. भाऊ दामोदर तालुक्याच्या गावी राहायचा. तिथे त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत एक मोठा टीव्ही होता आणि त्याला गेमचं मशीन जोडलेलं होतं. लोक तासावर खेळायला यायचे.

दामोदर म्हणाला, "ताई, पाठव त्याला. दुकानात टिकला तर मुलगी मी बघतो. नाही टिकला तर शेळ्या आहेतच."

निघताना गेंदाबाईने त्याच्या तोंडावरून हात फिरवला. म्हणाली, "बाबा, मामा सांगेल तसंच कर. टिकून राहा. स्वतःचं डोकं चालवू नकोस."

"कधी चालवलंय?" झिपरू म्हणाला.

मामाच्या दुकानात एकाच गेमला गर्दी असायची. तिचं नाव 'अंधारा दवाखाना'. एक जवान माणूस एका ओसाड दवाखान्यात अडकलेला असतो. दवाखान्यात मेलेले लोक फिरत असतात. जवानाने त्यांच्यातून वाट काढून बाहेर पडायचं. पण मेलेल्या लोकांचा त्रास कोणालाच नव्हता. त्रास होता पिशवीचा. जवानाच्या कमरेला एक पिशवी होती आणि तिला सहाच खण होते. सातवी वस्तू उचलायला गेलं की टीव्हीतून 'टुंग' असा आवाज येई आणि वस्तू जमिनीवरच राही.

शेजारचा न्हावी गोकुळ रोज खेळायला येई आणि रोज रिमोट आपटे. "दवाखाना केवढा, अन् पिशवी पानसुपारीच्या बटव्याएवढी! अरे, भुतं चालतील, ही पिशवी नको."

गिऱ्हाईक असं वैतागून उठून जाई. म्हणून मामाला वाट सांगणारा माणूस हवा होता. त्याने झिपरूला टीव्हीसमोर बसवलं.

"आधी तू शीक. मग लोकांना सांग. हे बघ, या गेममध्ये काय कधी लागेल सांगता येत नाही. दिसेल ते उचलायचं."

"बरं," झिपरू म्हणाला.

त्याने आधी केरसुणी उचलली. मग भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ. मग रिकामी बाटली, फुटकी कपबशी, डॉक्टरची एक चप्पल आणि वाळलेली कुंडी. पुढच्या खोलीत बंदूक होती. टीव्ही म्हणाला, "टुंग." झिपरूने पुन्हा हात घातला. टीव्ही पुन्हा म्हणाला, "टुंग." तेवढ्यात मागून भूत आलं. झिपरूने त्याला घड्याळ दाखवलं.

जवान मेला.

मामा म्हणाला, "अरे भोळ्या, बंदुकीला जागा नको का? पिशवीत सहा म्हणजे सहाच वस्तू मावतात. सहाच्या वर एक वस्तू घ्यायची म्हटलं तरी मिळत नाही. हे आधी डोक्यात ठेव."

"बरं," झिपरू म्हणाला. आणि त्याने ते डोक्यात ठेवलं.

दुपारी मामीने त्याला बाजारात धाडलं. "झिपरू, भाजीला भेंडी आण. अन् खिचडीला तांदूळ."

झिपरू परत आला. मामीने पिशवी उलटी केली. तीन भेंड्या पडल्या. मग तिने पिशवी झटकली. तांदळाचे तीन दाणे पडले.

"हे काय रे?"

"सहा झाले, मामी."

"अन् तुझ्या मामाने काय खायचं?"

"एखादी भेंडी त्यांना द्या."

मामीने कपाळाला हात लावला. "अरे भोळ्या, बारीक वस्तू अशा सुट्या मोजतात का? बारीकसारीक सगळं एकात घालायचं असतं. मग एवढ्याशा पिशवीतही मावतं."

"बरं," झिपरू म्हणाला. त्याला हे पटलं. गेममध्येही दोन झाडपाल्यांचं एक औषध करता येई. एका खणात दोन वस्तू बसत. मामी कधी गेम खेळत नव्हती, तरी तिला हे माहीत होतं, याचं त्याला नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी मामीचे भाऊ-भावजय जेवायला येणार होते. मामीने त्याला पुन्हा धाडलं. दूध आणायचं होतं. ताक आणायचं होतं. गोडेतेल, चहाची पूड, गूळ आणि भांडी घासायची पावडर आणायची होती.

झिपरू एकच बरणी घेऊन आला. बरणीचं झाकण हळूहळू आपोआप वर येत होतं.

"बाकीचं सामान कुठाय?" मामीने विचारलं.

"यातच आहे. एकात घातलं. पाच खण अजून मोकळे आहेत."

पाहुण्यांनी त्या दिवशी पाणी पिऊन चहा नको म्हटलं.

मामी ओरडली. मामाही ओरडला. मागच्या खोलीत झिपरूने गेममध्येही बंदुकीला मलम लावायचा प्रयत्न केला होता, ते गोकुळने सांगितलं. मामा म्हणाला, "अरे भोळ्या, सगळं एकात कालवायचं नसतं. या क्षणाला आपल्याला काय लागतंय, ते बघायचं. जे लागत नसेल ते टाकून द्यायचं. तरच हात मोकळा राहतो."

"बरं," झिपरू म्हणाला.

टेकडीवर एक आश्रमशाळा होती. तिथल्या हेडमास्तरांचा मोबाइल दुरुस्त झाला होता. मामाने तो झिपरूच्या हातात दिला. ऊन होतं म्हणून छत्री दिली. लांब होतं म्हणून सायकल दिली.

"नीट जा. हेडमास्तर आपलं जुनं गिऱ्हाईक आहे."

झिपरू नीट निघाला. वाटेत ढग आले. ऊन गेलं. छत्री लागत नव्हती. त्याने ती टाकली. पुढे टेकडीचा चढ आला. सायकलीवर बसता येईना, तिलाच ढकलावं लागलं. म्हणजे सायकल लागत नव्हती. त्याने ती ओढ्यात टाकली. मग त्याने मोबाइलकडे पाहिलं. त्याला कोणाला फोन करायचा नव्हता.

तो मोकळ्या हाताने शाळेत पोचला.

हेडमास्तर म्हणाले, "ये रे. काय आणलंस?"

"काही नाही. तुमचा मोबाइल झाला, ते सांगायला आलो."

"मग तो आहे कुठे?"

"लागत नव्हता."

हेडमास्तरांनी बायकोच्या फोनवरून स्वतःला फोन लावला. खाली उतारावर एक बोरीचं झुडूप वाजायला लागलं.

त्या संध्याकाळी मामाने झिपरूची पिशवी भरून दाराशी ठेवली. ही खरी पिशवी होती, कपड्यांची. मामा म्हणाला, "आणखी एक चूक झाली की ही उचलायची अन् गावाकडची गाडी पकडायची. मग मुलगीही नाही अन् काही नाही. ताईला मी काय तोंड दाखवू?"

झिपरूला पहिल्यांदाच भीती वाटली. भुतांची त्याला कधी वाटली नव्हती. त्याला गावातला ओटा आठवला. ओट्यावर बसून कोणाच्या कळवण्याची वाट बघणं आठवलं.

"मामा, मी काय करू ते एकदा शेवटचं सांगा."

मामाचा राग थोडा उतरला. शेवटी बहिणीचंच लेकरू. त्याने रिमोट हातात घेतला आणि झिपरूला जवळ बसवलं.

"हे बघ. लागत नाही म्हणून वस्तू टाकायची नाही. ठेवायची. या दवाखान्यात लाकडी पेट्या आहेत बघ. पिशवी भरली की वस्तू या पेटीत ठेवायची. अन् मजा काय आहे, इथल्या पेटीत ठेवलेली वस्तू पुढच्या मजल्यावरच्या पेटीतून निघते. उचलून न्यायला लागत नाही. इथं ठेव, तिथं काढ."

झिपरू टीव्हीकडे बघत राहिला. "कशी काय जाते?"

"जाते. आपल्याला काय करायचंय?"

"खरंय," झिपरू म्हणाला.

आणि काय सांगावं, झिपरूला गेम जमली. त्याने किल्ली पेटीत ठेवली, औषध पेटीत ठेवलं, लागेल तेव्हा पुढच्या पेटीतून काढलं. जवान दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडला. मागे उभा असलेला गोकुळ एवढ्या जोरात ओरडला, की त्याच्या दुकानात अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक धावत बघायला आलं. मग लोक लांबून लांबून यायला लागले. "अरे भो, पिशवी भरली, आता काय?" असं विचारायचे. झिपरू गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "पेटीत ठेवा."

मामाने दाराशी ठेवलेली पिशवी आत घेतली. आणि शब्द दिल्याप्रमाणे मुलगी बघितली.

मुलीचं नाव मथुरा. पलीकडच्या तालुक्यातल्या शिवरामआप्पांची ती लेक. मामा, गेंदाबाई आणि झिपरू बघायला गेले. मथुराला तिच्या आईने बजावलं होतं, "मान वर करायची नाही. इकडे तिकडे बघायचं नाही. सरळ चालायचं." मथुरा पोह्यांचं ताट घेऊन आली. मान खाली घालून, सरळ चालत, ती बैठकीतून पुढच्या दाराने बाहेर गेली. आप्पा तिच्यामागे धावले. ती हातपंपापाशी सापडली. पोहे सांडले नव्हते.

शिवरामआप्पा ओशाळले. "पोरगी जरा भोळी आहे," ते म्हणाले. "आतापर्यंत सगळे कळवतो म्हणूनच गेले."

झिपरू म्हणाला, "मला पसंत आहे."

गेंदाबाईने पदर डोळ्यांना लावला. म्हणाली, "आप्पा, आमच्याकडून होय समजा. आता कोणी कळवायचं राहिलं नाही."

लग्न ठरलं. मामाने नवरीसाठी शालू घेतला. दुकानदाराने तो कागदात बांधून त्यावर गेंदाबाईचं नाव आणि गाव लिहून दिलं. मामा झिपरूला म्हणाला, "जा, हा आईकडे दे. घडी मोडू नकोस."

झिपरू स्टँडवर आला. गाडी खचाखच भरलेली होती. कंडक्टर म्हणाला, "तू कसाबसा मावशील. सामानाला जागा नाही."

स्टँडच्या कोपऱ्यात एक पेटी होती. लाल होती, पण पेटी होती. तिचं तोंड अरुंद होतं. पुडकं जाईना. मग झिपरूने कागद सोडला आणि शालू एका टोकाने आत सोडायला लागला. शालू बराच वेळ जात होता. बघायला लोक जमले. एका म्हातारीने विचारलं, "काय करतोस रे?" झिपरू म्हणाला, "घरी पाठवतोय." शेवटी पदरही आत गेला. कागद उरला होता. तोही त्याने टाकला.

घरी पोचल्यावर तो तडक आईच्या पेटीशी गेला. पेटीत गोधड्या होत्या.

"काय शोधतोस?" गेंदाबाईने विचारलं.

"शालू. मी तिकडं पेटीत टाकला. इथं यायला पाहिजे."

गेंदाबाई शालूच्या नावाने रडायला लागली. पण दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला. त्याच्या खांद्यावर शालूचा बोळा होता. "काकू, हा तुमचाच ना? कागदावर नाव होतं. झिपरूभाऊ, पुन्हा पत्रपेटीत कपडे टाकू नका. सगळ्यांची पत्रं त्यात गुंडाळली गेली होती."

गेंदाबाई म्हणाली, "अरे भोळ्या, ती सरकारी पेटी! आपली वस्तू कधी परक्याच्या पेटीत टाकू नये. आपल्या घरच्या पेटीतच ठेवावी."

"बरं," झिपरू म्हणाला. सरकारी पेटीने एक दिवस उशीर केला, एवढं त्याच्याही लक्षात आलं होतं.

लग्न शिवरामआप्पांच्या दारात झालं. छान झालं. वरणात मीठ बरोबर होतं. झिपरूने सांगितलं तिथे हात जोडले, सांगितलं तिथे अक्षता अंगावर घेतल्या. मामा बारीक लक्ष ठेवून होता. एकही चूक झाली नाही. गेंदाबाई तर सुनेचं माप ओलांडायची तयारी करायला पहिल्या गाडीने पुढे गेलीसुद्धा.

पाठवणीची वेळ आली. मथुरा आईच्या गळ्यात पडून रडली. तिची आई रडली. न्यायला आलेली मंडळी रडली. गोकुळ न्हावी वऱ्हाडात आला होता, तोही रडला. शिवरामआप्पांनी झिपरूचे दोन्ही हात धरले.

"जावईबापू, पोरीला सांभाळा. परकेपणा ठेवू नका. हे घर आता तुमचंच समजा."

"आमचं?" झिपरूने विचारलं.

"तुमचंच!"

"म्हणजे घरातल्या वस्तूसुद्धा?"

"अहो, भांडीकुंडी, पेट्या, कपाटं, सगळं तुमचं!" आप्पा म्हणाले. ते तोंड फिरवून मांडवात जाऊन बसले. लेक गाडीत बसताना त्यांना बघवणार नव्हतं. बायकाही मथुराच्या आईला धरून चुलीपाशी घेऊन गेल्या.

बाहेर दोन गाड्या उभ्या होत्या. जीपमध्ये वऱ्हाडी दाटीवाटीने बसले होते. मागच्या टेंपोत रुखवत होतं, गादी होती, कपाट होतं आणि त्याच्यावर मामीचा भाऊ होता.

टेंपोचा ड्रायव्हर म्हणाला, "आता टाचणीलासुद्धा जागा नाही. एक माणूस माझ्याशेजारी बसेल, तेवढंच."

झिपरूने जीपमध्ये पाहिलं. जीप भरली होती. त्याने टेंपोत पाहिलं. टेंपो भरला होता. मथुरा उंबऱ्याशी मान खाली घालून उभी होती.

झिपरू तिला माघारी घरात घेऊन गेला. मागच्या खोलीत आप्पांची मोठी लाकडी पेटी होती. तिच्यातल्या गोधड्या रुखवतात गेल्या होत्या. पेटी रिकामी होती.

"यात बसायचं," झिपरू म्हणाला. "मी तिकडं आईच्या पेटीतून काढतो."

मथुराने विचारलं, "गाडी लागते का यात? मला गाडी लागते."

"नाही लागत. हलतसुद्धा नाही."

"वेळ किती लागेल?"

"ही घरचीच पेटी आहे. सरकारी नाही. लगेच पोचशील."

मथुराने शालू आवरला आणि पेटीत बसली. "झाकण पुरतं लावू नका, गुदमरेन."

"बरं," झिपरू म्हणाला. त्याने झाकणाखाली तांब्या आडवा लावला आणि बाहेर आला.

मामाने जीपमधून डोकं काढलं. "सूनबाई बसली का रे नीट?"

"बसली."

"कुठे?"

"मागे."

मामाने समाधानाने डोकं आत घेतलं. गाड्या निघाल्या.

गेंदाबाई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. शेजारच्या बायका जमल्या होत्या. जीप आली, टेंपो आला, सगळे उतरले. कपाट उतरलं. गादी उतरली. मामीचा भाऊ उतरला.

"अन् माझी सून?" गेंदाबाईने विचारलं.

"थांब माय, आता काढतो," झिपरू म्हणाला. तो आत गेला. माप जपून ओलांडलं, कारण ते त्याच्यासाठी नव्हतं. त्याने आईची पेटी उघडली. गोधडी उचलली. खाली जुनं लुगडं होतं. लुगड्याखाली पेटीचा तळ होता.

तो झाकण उघडं ठेवून पेटीपाशी मांडी घालून बसला. "झाकण लावू नका कोणी," तो म्हणाला. "ती यायची आहे."

मामाने विचारलं, "तिकडं कुठल्या पेटीत बसवलीस?" अन् झिपरूने आप्पांच्या मागच्या खोलीतली पेटी सांगितली. मग मामाने शिवरामआप्पांना फोन लावला.

"आप्पा... तुमची मागच्या खोलीतली पेटी... जरा उघडून बघता का?"

आप्पा धावले. मथुराची आई रडत रडत त्यांच्या मागे धावली. तिनेच झाकण उघडलं.

अंगावर उजेड पडताच मथुरा उठून उभी राहिली. मान तिने खालीच ठेवली होती. उजवा पाय आधी टाकून ती पेटीबाहेर आली. खोलीच्या उंबऱ्याशी तिच्या आईची ज्वारीची पायली भरून ठेवलेली होती. ती मथुराने पायाने हळूच लवंडली. मग वाकून आपल्याच आईच्या पाया पडली आणि लाजत म्हणाली,

"सासूबाई, सगळ्या म्हणत होत्या की सासर परकं वाटेल. मला तर बाई अगदी माहेरासारखं वाटतंय."